बॅटरी रिकामी बसलेली नसते

आमच्या भोर-वेल्ह्याकडे रिकामी बसलेली वस्तू कुणाला बघवत नाही. शेजाऱ्याची शिडी भिंतीला टेकलेली दिसली की माणूस ती घेऊन जातो, पहार दिसली की पहार नेतो, आणि मालकही वर "न्या की, बसूनच हाय" म्हणतो. शिडीचं त्याने काही बिघडत नाही. पहारीचंही नाही. पण हाच कायदा लोकांनी बॅटरीला लावला, आणि माझ्या उतारवयातली सगळी कटकट तिथून सुरू झाली.

कापूरहोळच्या फाट्यावर माझं बॅटरीचं दुकान आहे. अर्धं आयुष्य ट्रॅक्टर, टेम्पो आणि घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या चार्ज करण्यात, धुण्यात आणि शेवटी भंगारात घालण्यात गेलं. हा लेख मागणाऱ्या संपादकांना वाटतं, बॅटरीवाल्याकडे चमचमीत किस्से असणार. आहेत की. फक्त ते आठवले की रक्तदाब वाढतो. एकाने बॅटरीत पाणी कमी झालं म्हणून मिठाचं पाणी ओतलं होतं. मिठाने ताकद येते, असं त्याला कुणीतरी सांगितलेलं. दुसरा ॲसिडची बॅटरी मांडीवर घेऊन एसटीने आला आणि भोकं पडलेल्या पँटीचा जाब मला विचारू लागला. तिसऱ्याचं म्हणणं, बॅटरी मेली असली तरी पोरीच्या लग्नापुरती चालू करून द्या, पुढचं पुढं बघू. असल्या माणसांशी बोलून बोलून माझा आवाज चढाच झाला आहे. घरात साधा चहा मागितला तरी बायको म्हणते, भांडताय कशाला?

तर घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं, तसे एक दिवस लेले साहेब दुकानात आले. पुण्याचे, निवृत्त इंजिनियर, हौशी रेडिओवाले. ही मंडळी सरकारची परीक्षा देऊन परवाना घेतात आणि आपापल्या रेडिओवरून एकमेकांशी बोलतात. मोबाईल नको, टॉवर नको. साहेबांच्या मंडळाने ठरवलं होतं की वेल्ह्याच्या खोऱ्यात दोन-तीन गावांत असे रेडिओ ठेवायचे. कारण आमच्याकडे पावसाळ्यात लाइट जाते ती शेजारणीकडे गेल्यासारखी जात नाही, माहेरी गेल्यासारखी जाते. लाइट गेली की थोड्या वेळाने मोबाईलचा टॉवर मरतो, आणि मग डोंगरातल्या वाडीत माणूस मेला काय नि जगला काय, खाली कुणाला पत्ता लागत नाही. अशा वेळी रेडिओ बोलला पाहिजे, आणि त्यासाठी त्याच्या मागे बॅटरी पाहिजे. ती बसवण्याचं काम माझं.

काम ऐकायला सोपं. रेडिओ बारा व्होल्टवर चालतो, ट्रॅक्टरही बारा व्होल्टवर चालतो. पण रेडिओचा स्वभाव वेगळा. नुसता ऐकत असेल तर तो उंदराएवढं खातो. बोलायचं बटण दाबलं की बैलाएवढं. वायर बारीक असली तर त्या क्षणी वाटेतच विजेचा दाब घटतो आणि रेडिओ बंद. म्हणून वायर जाड हवी, लांबी कमी हवी, आणि बॅटरीला लागूनच फ्यूज हवा, नाहीतर वायर घासली त्या दिवशी घर पेटेल. बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवायची नाही. एकदा पार तळाला नेली की ती परत पूर्वीसारखी होत नाही. हे सगळं मी सुरुवातीला प्रेमाने सांगत असे.

साहेबांचं आणि माझं चार्जरवरून वाजलं. मी आपला बाजारातला हलका चार्जर लावला, तर रेडिओतून माणसाच्या आवाजाऐवजी गांधीलमाश्यांचं मोहोळ ऐकू यायला लागलं. साहेब मीटर घेऊन बसले आणि दशांशात बोलू लागले. मी म्हणालो, साहेब, मला आकडा नको, कुठला चार्जर ते सांगा. त्यांनी सांगितला, जुन्या पद्धतीचा, जड ट्रान्सफॉर्मरवाला. मोहोळ गप्प झालं. त्यांचं बरोबर होतं, आणि आपलं बरोबर आहे हे ते परत परत सांगतात, एवढाच त्यांचा दोष. त्यांनी मलाही त्या परीक्षेला बसवलं, पास करवलं, आणि एक रेडिओ माझ्या दुकानात ठेवला. म्हणाले, "यासीनभाई, तुम्ही दिवसभर इथेच असता. कुणीतरी ऐकणारा लागतो." आपलं तोंड चालतं, कान चालत नाहीत, असं बायको म्हणते, पण ठेवला.

एका डोंगरावर देवळाच्या मागच्या खोलीत आम्ही रिपीटर बसवला. खोऱ्यातला कमजोर आवाज तो वर झेलतो आणि जोरात पुढे फेकतो, की तो पार फाट्यापर्यंत येतो. त्याच्यावर सोलरचं पॅनल. पहिल्याच पावसाळ्यात रिपीटर मुका झाला. धापा टाकत वर गेलो तर पॅनलवर कुणीतरी ओली बंडी आणि दोन टॉवेल वाळत घातले होते. बाजूला त्या कपड्यांचा मालक पाय पसरून बसलेला. मी ओरडलो तर शांतपणे म्हणाला, काच तापत्या ना, लगेच वाळतंय.

मार्गासनीला किराणा दुकानात रेडिओ ठेवला. दुकानदाराने त्या बॅटरीवर दुकानातला पंखा, बल्ब आणि वजनाचा इलेक्ट्रिक काटा घेतला. गिऱ्हाईकाला अंधारात कसं मोजून द्यायचं, असा त्याचा सवाल. गुंजवण्याला एका शेतकऱ्याकडे ठेवला. त्याच्या भातात रानडुकरं शिरत होती. त्याने रेडिओची बॅटरी उचलून कुंपणाच्या झटका मशीनला जोडली. मी गेलो तेव्हा रेडिओ पोत्याखाली आणि बॅटरी बांधावर. मी विचारलं, दादा, पूर आला तर डुकरं सांगत येणार आहेत का? तो म्हणाला, पूर यायचा तवा यील, डुक्कर रोज येतंय. यावर मी बोललो बरंच काही, पण ते छापण्यासारखं नाही.

या सगळ्यांत माझी खरी डोकेदुखी म्हणजे कुसुमताई. धरणाच्या वरच्या अंगाला डोंगराच्या कुशीत एक वाडी आहे, पंधरा-वीस उंबऱ्यांची. कुसुमताई तिथल्याच. आरोग्यसेविका म्हणून सगळं खोरं पायी तुडवलेल्या. निवृत्तीनंतर साहेबांची परीक्षा त्या पहिल्या झटक्यात पास झाल्या. रेडिओवर बोलणं स्वच्छ, रोज सकाळच्या हजेरीला वेळेवर. बॅटरीचं पाणी, चार्जर, फ्यूज, सगळं माझ्यापेक्षा नीट ठेवायच्या. दोष एकच, आणि तोच सगळ्यावर पाणी ओतणारा. दारात आलेल्याला या बाईला नाही म्हणता येत नव्हतं. जन्मभर ज्या बाईने अर्ध्या ताटावरून उठून बाळंतपणं केली, ती 'नाही' म्हणणार कधी?

भजनाच्या ॲम्प्लिफायरला बॅटरी पाहिजे, न्या. हळदीच्या मांडवात दोन दिवे लावायचेत, न्या. तुकारामचा ट्रॅक्टर थंडीत चालू होईना, न्या. हा तुकाराम वाडीतला एकुलता ट्रॅक्टरवाला. त्याचं घर सगळ्यात वरचं. दर थंडीत तो आमची बॅटरी न्यायचा आणि परत आणताना वर शेवग्याच्या शेंगाही आणायचा. म्हणजे ताईंना नाही म्हणणं आणखी अवघड.

मी बॅटरीला लोखंडी पेटी केली. पेटीला कुलूप लावलं. पुढच्या खेपेला बघतो तर कुलूप जागेवर आणि चावी शेजारच्याच खिळ्याला. मी विचारलं तर म्हणाल्या, "लावलंय की कुलूप, यासीनभाई. तुमी म्हणालात तसंच."

भीड ही भिकेची बहीण, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. त्यांनी चहा दिला. पालथ्या घड्यावर पाणी.

मी इतका का चिडायचो, ते सांगायला हवं. तुकारामच्या घराच्या वर, त्याच्याच शेतात, जमिनीला भेग पडली होती. आदल्या पावसाळ्यात दिसली. वेताची काठी आत जाईल एवढी. सरकारी माणसं येऊन बघून गेली. त्यांनी सांगितलं, पावसात भेग रुंदावली तर लगेच कळवा, गाड्या पाठवू, खालच्या गावातली शाळा उघडून देऊ. कळवा म्हणजे कशावरून? लाइट नाही, टॉवर नाही. वाडीतून खाली यायचा रस्ता ओढ्यावरून जातो आणि ओढा फुगला की धडधाकट माणूसही तो ओलांडत नाही. त्याला मोठी गाडीच लागते. तुकारामची आई तर अंथरुणाला खिळलेली. म्हणजे वर डोंगर, खाली ओढा, मधे ही माणसं, आणि त्यांचा बाहेरच्या जगाशी धागा एकच. ती पेटीतली बॅटरी. लोक म्हणायचे रिकामी बसलीय. अहो, ती बसलेली नसते, ती राखणीला असते, हे सांगून माझी जीभ झिजली.

श्रावणात पाऊस असा लागला की कापूरहोळच्या ढाब्यांवर कुत्रं दिसेना. वेल्ह्याकडची लाइट गेली, मागोमाग टॉवर गेला. सकाळच्या हजेरीला मी दुकानातून एकेका गावाला हाक मारत होतो. कुसुमताईंना हाक दिली. उत्तर आलं, "यासी..." आणि बंद. परत हाक दिली. "ऐका, भे..." आणि बंद.

दुसऱ्या कुणाला वाटलं असतं बाईंना काही झालं. मला लगेच कळलं. बटण दाबलं की रेडिओ मरतोय, म्हणजे बॅटरी तळाला गेलेली. ऐकण्यापुरता जीव होता, बोलण्यापुरता नव्हता. आणि का गेली तेही कळलं, कारण वाडीत सप्ताह बसला होता आणि सप्ताहाला लाऊडस्पीकर लागतो. मी एकटाच दुकानात उभा राहून त्या बाईला, त्या सप्ताहाला आणि लेले साहेबांना असं काही बोललो की बाहेरचा पंक्चरवाला आत डोकावून गेला. पण तो अर्धा शब्द कानात अडकला होता. भे. म्हणजे भेगच असणार.

मग मी बटण दाबलं. "ताई, तुमाला माझं ऐकू येतंय. बोलायचं न्हाई आता. पावर एकदम कमीवर आणा, म्हंजी बटण दाबलं तरी रेडिओ मरायचा न्हाई. समजलं तर बटण एकदा दाबून सोडा. न्हाई तर दोनदा."

खट् असा आवाज आला. एकदाच.

मी विचारलं, भेग रुंदावली का? खट्. माणसं सगळी वरच आहेत? खट्. कुणी जखमी? खट् खट्. एवढ्यावर तहसीलला कळवता आलं असतं, आणि ते मी लगेच सुरूही केलं. वेल्ह्यातल्या रेडिओवाल्याने माझं ऐकून तहसीलला निरोप पोचवला. पण त्यांचे प्रश्न यायला लागले. ओढ्याला पाणी किती, गाडी कुठपर्यंत येईल, उचलून न्यायची माणसं किती. खट् खट्मध्ये ओढ्याचं पाणी कसं सांगणार? शिवाय त्या मेलेल्या बॅटरीत आता किती खट् शिल्लक होते, ते अल्लालाच ठाऊक.

मी म्हणालो, "ताई, तुकारामच्या ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणायला सांगा. आणि आपली जुनी आधी सोडवा. दोन्ही एकत्र जोडाल तर मेलेली जितीला खाईल. एकटी ट्रॅक्टरची लावा. लाल वायर प्लसला. फ्यूज काढू नका." खट्.

नंतर काहीच नाही. ट्रॅक्टर ताईंच्या घरापासून वरच्या अंगाला, भेगेच्या दिशेला. आणि मी माणसाला तिकडे बॅटरी आणायला पाठवलं होतं, हे मला तेव्हा कुठे लक्षात आलं. दुकानात गिऱ्हाईक आलं, त्याला मी हाकलून दिलं. ते आजतागायत परत आलेलं नाही.

मग ताईंचा आवाज आला, स्वच्छ, सावकाश, दवाखान्यात रिपोर्ट सांगतात तसा. भेगेत बांध गेलाय. ओढ्याला कमरेएवढं पाणी. उचलून न्यायची एक म्हातारी, एक ओली बाळंतीण. मी एकेक वाक्य पुढे सांगत गेलो. दुपारच्या आत मोठ्या गाड्या ओढ्यापर्यंत पोचल्या, आणि ट्रकच्या हौद्यात बसून वाडी खाली आली. तुकारामची आई खाटेसकट आली. संध्याकाळ व्हायच्या आधी डोंगराचा तो तुकडा सुटला. तुकारामचं घर गेलं, गोठा गेला, ट्रॅक्टरही गेला. आत माणूस कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या टेम्पोत नवी बॅटरी घालून शाळेवर गेलो. रस्ताभर भाषण तयार करत होतो. कुसुमताईंना काय काय सुनवायचं, त्याची उजळणी चालली होती. असली संधी परत मिळणार नव्हती.

ताई शाळेच्या व्हरांड्यात रेडिओ मांडून बसल्या होत्या, अंगावर आदल्या दिवशीचंच लुगडं. मी बॅटरी जोडून दिली. गुरांपायी मागे राहिलेली दोघं-तिघं अजून वर अडकली होती, बाळंतिणीला औषधं हवी होती, तहसीलशी सारखं बोलणं चाललेलं. मी भाषणाला सुरुवात करणार, एवढ्यात तुकाराम आला. घर गेलेला माणूस. हातात बंद पडलेला मोबाईल. शाळेत लाइट नव्हतीच, पण टॉवर मात्र दुपारी जिवंत झाला होता आणि तो केव्हा परत जाईल याचा नेम नव्हता.

"सिस्टरबाई," तो म्हणाला, "जरा बॅटरीला लावू का? लेक हडपसरला आसत्या, नंबर ह्यातच हाय. टीव्हीवर दावलं आसंल. तिला म्हाईत न्हाई आमी हाय का न्हाई."

ताईंनी त्याच्याकडे बघितलं. मग पेटीच्या झाकणावर हात ठेवला.

"न्हाई, तुकाराम. ही बोलायची हाय."

तुकाराम "बरं" म्हणाला. वाद नाही, राग नाही. मोबाईल खिशात घालून तो आईच्या खाटेपाशी जाऊन बसला. ताई परत रेडिओकडे वळल्या, पण त्यांचा हात काही झाकणावरून निघेना.

हेच ऐकण्यासाठी मी इतकी वर्षं डोकं फोडलं होतं. बाई पहिल्यांदा नाही म्हणाली, आणि अगदी योग्य वेळी म्हणाली. मला आनंद व्हायला हवा होता. पण त्या 'बरं'ने माझं डोकंच फिरलं. जन्मात कुणाला विन्मुख न पाठवलेल्या बाईला नाही म्हणायला मी शिकवलं, आणि ते ऐकायला मिळालं कुणाला, तर ज्याचं काल घर गेलं त्याला. मला बघवेना. मी तरातरा बाहेर गेलो, टेम्पोची बॅटरी काढली, व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला आणून आपटली आणि चार्जिंगच्या पिना काढल्या. म्हणालो, आणा कुणाचे काय आणायचेत ते. तुकारामचा मोबाईल पहिला लावला. बघता बघता सगळी वाडी माझ्याभोवती. मोबाईल झाले, मग कुणीतरी एक बल्ब आणला, मग बाळाची वाफ घ्यायची मशीन आली. मी ओरडत होतो आणि जोडत होतो. हिच्यावर इतका भार घालू नका म्हणत होतो आणि पुढची पिन लावत होतो.

निघायची वेळ झाली. बॅटरी परत बसवली, चावी फिरवली. टेम्पोने एक कण्हल्यासारखा आवाज केला आणि गप्प. दिव्याखाली अंधार, बॅटरीवाल्याच्या गाडीत तालुक्यातली सगळ्यात म्हातारी बॅटरी. लोक न सांगता मागे गोळा झाले. शाळेपुढे थोडा उतार होता, धक्क्यावर चालू होण्यासारखी होती. मी दुसरा गिअर टाकून क्लच दाबून धरला आणि ओरडलो, हाणा. गाडी हलेना. आरशात बघतो तर मधोमध तुकाराम. एक हात टेम्पोला, दुसऱ्या हातात मोबाईल, तो कानाला.

मी खिडकीतून डोकं काढून खेकसलो, "तुकाराम, दोनी हात लाव की लेका!"

"थांब गं बाई जरा," तो मोबाईलमध्ये म्हणाला, "यासीनभाई वरडाय लागल्यात." आणि खरंच मोबाईल खिशात घालायला निघाला. पलीकडून पोरीचं रडणं मला गाडीत ऐकू येत होतं.

"आरं ठेवू नको," मी म्हणालो. "बोल तू. टावर हाय तवर बोलून घे."

मग मी हँडब्रेक ओढला आणि क्लच सोडून बसून राहिलो. मागची माणसंही टेम्पोला हात लावून उभी राहिली. तुकारामने लेकीला आजी कशी आहे ते सांगितलं, घर गेल्याचं सांगितलं, मग गुरांचं एकेक नाव घेऊन कोण आहे नि कोण नाही ते सांगितलं. अंधार पडत आला होता, पाऊस परत सुरू झाला होता, मला कापूरहोळला पोचायचं होतं. पण त्याचं बोलणं संपेपर्यंत आम्ही कुणीही गाडी ढकलली नाही.